रक्तरसाची साक्ष

‘रक्ताचें पाणी करणें’ हा मराठींतील जुना वाक्प्रचार आहे. मुलांच्या शिक्षणासाठीं बाप रक्ताचें पाणी करतो, शेतकरी रक्ताचें पाणी करून पीक उभें करतो, असें सहज म्हटलें जातें. शरीरशास्त्राच्या दृष्टीनें यांत एक गंमत आहे. कारण रक्त मुळांतच बरेंचसें पाणी असतें. ताजें रक्त गोठूं नये असें द्रव्य घालून तें कांचेच्या नळींत उभें ठेवलें, कीं कांहीं वेळानें तांबड्या पेशी तळाशीं बसतात आणि वर फिकट पिवळ्या रंगाचा रस उरतो. शंभर भाग रक्तांत सुमारें पंचावन्न भाग हा रस असतो. यासच रक्तरस किंवा प्लाझ्मा म्हणतात.

तांबडा रंग डोळ्यांत भरतो, म्हणून रक्त म्हटलें कीं लोकांस तांबडेपणाच आठवतो. पण रक्ताची परीक्षा करणाऱ्या प्रयोगशाळेंत या फिकट रसाचा मान कमी नाहीं. शरीरांत काय चाललें आहे याची बरीचशी हकीकत तोच सांगतो. आणि एका बाबतींत तर त्याची साक्ष घेतल्यावांचून पुढें पाऊल टाकलें, तर माणूस दगावूं शकतो. ती बाब म्हणजे एकाचें रक्त दुसऱ्यास चढविणें. या बाबतींतील एक अत्यंत बोधप्रद शोध १९५२ सालीं मुंबईंत लागला. परभणीसारख्या जिल्ह्यांतील कुटुंबांशींहि त्याचा निकटचा संबंध आहे.

रक्तरसांत सुमारें नव्वद टक्के पाणी असतें. उरलेल्या भागांत क्षार, साखर, स्निग्ध द्रव्यें हीं असतात. परंतु मोठा वाटा प्रथिनांचा. शंभर मिलिलिटर रसांत सहा ते आठ ग्रॅम प्रथिनें असतात. त्यांत अल्ब्युमिन नांवाचें प्रथिन सर्वांत विपुल, साडेतीन ते पांच ग्रॅम. तें रक्तांतील पाणी रक्तवाहिन्यांत धरून ठेवतें. यकृताच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारांत तें फार घटलें, म्हणजे पायांवर सूज चढते. दुसरें प्रथिन फायब्रिनोजेन. तें शंभर मिलिलिटरांत अर्ध्या ग्रॅमहूनहि कमी असतें, पण बोट कापल्यावर रक्त थांबतें तें त्याचेच धागे विणले जातात म्हणून. रक्त गोठून गेल्यावर जो रस सुटतो त्यांत हें प्रथिन उरत नाहीं. त्या रसास सीरम म्हणतात.

तिसरा वर्ग ग्लोब्युलिन प्रथिनांचा, आणि प्रस्तुत विषय याच वर्गांतील एका घराण्याचा आहे. स्वीडनमधील आर्ने टिसेलियस यांनीं १९३७ सालीं विजेच्या प्रवाहाच्या साहाय्यानें रक्तरसांतील प्रथिनें वेगवेगळीं करण्याची रीत बसविली. प्रत्येक प्रथिन आपापल्या वेगानें सरकतें, आणि शर्यतींतील धांवपटूंप्रमाणें त्यांचे गट पडतात. या गटांस आल्फा, बीटा, गॅमा अशीं नांवें मिळालीं. शरीराचें रक्षण करणारीं प्रतिद्रव्यें मुख्यतः गॅमा गटांत असतात, हें टिसेलियस व एल्विन कॅबट यांनीं १९३९ सालीं दाखविलें. टिसेलियस यांस १९४८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

प्रतिद्रव्य म्हणजे काय? शरीरांत परकें कांहीं शिरलें, मग तो विषमज्वराचा जंतु असो कीं सापाचें विष, त्याच्या अंगावरील विशिष्ट आकार ओळखून त्यास घट्ट धरणारें जें प्रथिन शरीर तयार करतें, तें प्रतिद्रव्य. सर्पदंशावर जें औषध टोंचतात, त्यांतहि घोड्याच्या रक्तरसांतील अशींच प्रतिद्रव्यें असतात. मुंबईच्या हाफकिन संस्थेचें नांव या कामासाठीं महाराष्ट्रांत सर्वांच्या परिचयाचें आहे. प्रतिद्रव्यांत प्रकार आहेत. एक लहान, दोन हातांचा. दुसरा मोठा, असे पांच एकत्र गुंफून झालेला, म्हणजे दहा हातांचा. या मोठ्या प्रकाराचे हात एकाच वेळीं अनेक पेशींस पकडूं शकतात. त्यामुळें सुट्या फिरणाऱ्या तांबड्या पेशी एकमेकींस चिकटून त्यांचे पुंजके होतात, आणि हे पुंजके साध्या डोळ्यांनींहि दिसतात. रक्तगटाची सारी परीक्षा या एका दृश्यावर उभी आहे.

हें दृश्य प्रथम नीट ओळखलें तें व्हिएन्नाच्या कार्ल लँडस्टायनर यांनीं. तोंपर्यंत माणसाचें रक्त माणसास देण्याचे प्रयोग झाले होते. कांहीं रोगी वांचले, कांहीं पाहतां पाहतां गेले, आणि असें कां व्हावें याचा उलगडा होत नव्हता. लँडस्टायनर यांनीं स्वतःचें व आपल्या सहकाऱ्यांचें रक्त घेतलें, प्रत्येकाच्या पेशी व सीरम वेगळें केलें, आणि एकाचें सीरम दुसऱ्याच्या पेशींत मिसळून पाहिलें. कोठें पुंजके झाले, कोठें झाले नाहींत. १९०१ सालीं प्रसिद्ध झालेल्या या साध्या प्रयोगांतून रक्तगट निघाले. चौथा गट पुढील वर्षीं इतरांनीं दाखविला. १९३० सालीं लँडस्टायनर यांस नोबेल पारितोषिक मिळालें.

त्यांनीं शोधलेला नियम कोणासहि सांगतां येईल इतका सोपा आहे. ‘ए’ गटाच्या माणसाच्या तांबड्या पेशींवर ‘ए’ ही खूण असते. ‘बी’ वाल्याच्या पेशींवर ‘बी’. ‘एबी’ वाल्याच्या पेशींवर दोन्ही. आणि ‘ओ’ वाल्याच्या पेशींवर यांपैकीं एकहि नाहीं. रक्तरसाचा कारभार याच्या नेमका उलट. पेशींवर जी खूण नाहीं, तिच्या विरुद्धचें प्रतिद्रव्य रसांत हजर असतें. ‘ए’ वाल्याच्या रसांत ‘बी’ चा वैरी असतो, ‘बी’ वाल्याच्या रसांत ‘ए’ चा; ‘ओ’ वाल्याच्या रसांत दोहोंचे वैरी असतात; ‘एबी’ वाल्याच्या रसांत कोणाचाहि नसतो. दुसऱ्याचें रक्त कधीं अंगांत शिरलें नसतांना हे वैरी कोठून आले? आंतड्यांत राहणाऱ्या कित्येक जंतूंच्या अंगावर याच खुणांसारख्या शर्करा असतात. शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिद्रव्यें करून ठेवतें आणि तींच पुढें परक्या रक्तपेशींस लागू पडतात. नुकत्याच जन्मलेल्या मुलाच्या स्वतःच्या रसांत तीं नसतात. तीन ते सहा महिन्यांच्या वयापासून तीं दिसूं लागतात.

पहिल्या महायुद्धांत सॅलोनिका येथें लुडविक व हांका हिर्शफेल्ड या शास्त्रज्ञ दांपत्यानें निरनिराळ्या देशांच्या सैनिकांचे रक्तगट तपासले आणि १९१९ सालीं प्रसिद्ध केले. युरोपीय सैनिकांपेक्षां हिंदी सैनिकांत ‘बी’ चें प्रमाण कितीतरी अधिक आढळलें. देशोदेशींच्या रक्तांत गटांचें वांटप सारखें नसतें, हें त्यावरून कळून आलें. आणि मुंबईचा शोध हें त्या गोष्टीचें सर्वांत ठळक उदाहरण ठरावयाचें होतें.

आतां परीक्षा कशी करतात तें पाहावें. कांचपट्टीवर रक्ताचे दोन थेंब ठेवून एकांत ‘ए’ चें प्रतिद्रव्य व दुसऱ्यांत ‘बी’ चें प्रतिद्रव्य मिसळतात. पहिल्यांत पुंजके झाले तर गट ‘ए’. दुसऱ्यांत झाले तर ‘बी’. दोहोंत झाले तर ‘एबी’. कोठेंच झाले नाहींत तर ‘ओ’. शाळेंतील आरोग्यतपासणींत अथवा शिबिरांत जो गट सांगितला जातो, तो बहुधा एवढ्यावरच. परंतु यांत साक्ष फक्त पेशींची झाली. रक्तपेढींत एवढ्यानें भागत नाहीं. तेथें रोग्याचा रस घेऊन तो माहीत असलेल्या ‘ए’, ‘बी’ व ‘ओ’ पेशींत मिसळतात आणि कोणाचे पुंजके होतात तें पाहतात. पहिल्या रीतीनें ‘ए’ निघाला असेल, तर दुसऱ्या रीतींत त्याच्या रसानें ‘बी’ पेशींचेच पुंजके केले पाहिजेत.

ज्यांनीं मराठी शाळेंत गणित केलें आहे, त्यांस हा प्रकार ओळखीचा वाटेल. गुणाकार केला कीं भागाकारानें त्याचा ताळा पाहावयाचा, ही शिस्त प्रत्येक गुरुजीनें लावलेली असते. रक्तरसाची परीक्षा हा रक्तगटाचा ताळा आहे. ताळा जुळला तर उत्तर बरोबर. न जुळला, तर कोठेंतरी चुकलें आहे किंवा रक्तांत कांहीं निराळें आहे. आणि तें काय, हें कळेपर्यंत रक्त द्यावयाचें नाहीं.

मुंबईंत नेमका हा ताळा जुळेना. येथील तीन माणसांच्या पेशी ‘ए’ च्या प्रतिद्रव्यानें चिकटत नव्हत्या व ‘बी’ च्याहि नाहींत. वरवर पाहतां तीं ‘ओ’ गटाचीं. परंतु त्यांचा रस ‘ए’ व ‘बी’ पेशींचे पुंजके तर करीच, शिवाय ‘ओ’ पेशींचेहि करी. हें नियमाबाहेरचें होतें. ‘ओ’ पेशींवर ‘ए’ नाहीं, ‘बी’ नाहीं. मग रसांतील प्रतिद्रव्य पकडतें तरी कशाला? आणखी एक नवल असें, कीं या तिघांचें रक्त एकमेकांशीं मात्र जुळत होतें. डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. सी. के. देशपांडे व डॉ. एच. एम. भाटिया यांनीं हें प्रकरण तडीस नेलें; इंग्लंडमधील रूथ सँगर, आर. आर. रेस, डब्ल्यू. टी. जे. मॉर्गन व विनिफ्रेड वॉटकिन्स यांची त्यांस जोड मिळाली. त्यांचा निबंध १९५२ सालीं ‘लॅन्सेट’ या लंडनच्या वैद्यकीय पत्रांत प्रसिद्ध झाला. पुढें या गटास जगभर ‘बॉम्बे’ हेंच नांव पडलें. शहराचें नांव १९९५ सालीं मुंबई झालें, तरी रक्तगट मात्र अद्यापि ‘बॉम्बे’च आहे.

उलगडा असा. ‘ए’ आणि ‘बी’ या खुणा पेशींवर थेट बसत नाहींत. त्यांच्याखालीं एक बैठक असावी लागते. या बैठकीस ‘एच्’ म्हणतात. पेशीच्या पृष्ठभागावरील शर्करांच्या सांखळीच्या टोंकाला फ्यूकोज नांवाची शर्करा जोडली, कीं ‘एच्’ तयार होतो. त्यावर आणखी एक शर्करा बसली तर ‘ए’; निराळी बसली तर ‘बी’; कांहींच बसली नाहीं तर नुसता ‘एच्’, आणि त्यासच आपण ‘ओ’ म्हणतों. म्हणजे ‘ओ’ ची पेशी अगदीं कोरी नसते. तिच्यावर ‘एच्’ भरपूर असतो. ‘बॉम्बे’ गटाच्या माणसांत फ्यूकोज जोडणारें विकर तयार होत नाहीं. त्यामुळें बैठकच घातली जात नाहीं, आणि मग ‘ए’ किंवा ‘बी’ ला बसावयास जागा राहत नाहीं. पेशी खऱ्या अर्थानें कोरी राहते. आणि लँडस्टायनर यांचाच नियम येथेंहि लागू पडतो: जी खूण पेशींवर नाहीं, तिचा वैरी रसांत. या माणसांच्या रसांत ‘ए’ चा वैरी, ‘बी’ चा वैरी आणि तिसरा ‘एच्’ चा वैरी असतो. हा तिसरा वैरी बहुधा दहा हातांचा असून शरीराच्या उष्णतेला पुरता कामाचा असतो. तोच सर्वांत घातक.

याचा परिणाम असा, कीं ‘बॉम्बे’ गटाच्या माणसास ‘बॉम्बे’ गटाच्याच तांबड्या पेशी चालतात. ‘ओ’ चें रक्त सर्वांस चालतें हा जो समज सुशिक्षित घरांतूनहि रूढ आहे, तो येथें जीवघेणा ठरतो. ‘ओ’ चें रक्त अशा माणसास चढविलें, तर त्याच्या रसांतील प्रतिद्रव्यें आलेल्या पेशींवर तुटून पडतात आणि त्या नळींतल्याप्रमाणें नुसत्या चिकटत नाहींत, तर फुटतात. थंडी वाजून ताप येतो, कंबर दुखूं लागते, छाती आवळल्यासारखी होते, लघवी तांबूस-काळसर होते. रक्तदाब उतरतो, मूत्रपिंडें बंद पडूं शकतात. अनेकदां असा रोगी आधींच रक्तस्रावानें क्षीण झालेला असतो.

‘बॉम्बे’ गट युरोपांत दहा लाखांत एखाद्याचा असतो. हिंदुस्थानांत सर्वसाधारणपणें दहा हजारांत एकाचा धरला जातो. परभणी जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या शिरगणतीप्रमाणें १८,३६,०८६ होती. दहा हजारांत एक या हिशेबानें जिल्ह्यांत अशीं सुमारें एकशेंऐंशीं माणसें असावयास हवींत. ही मोजदाद नव्हे, केवळ त्रैराशिक आहे; पण जिंतूर, सेलू, पाथरी, गंगाखेड, पूर्णा या तालुक्यांतील एखाद्या मोठ्या बाजारगांवांत असा एक तरी मनुष्य असूं शकेल, आणि तो आयुष्यभर स्वतःस ‘ओ’ गटाचा समजत असेल, एवढें यावरून उमगतें.

हा गट घराण्यांतून येतो, पण लपतछपत येतो. बैठक घालणाऱ्या जनुकाच्या दोन प्रती प्रत्येकास मिळतात, एक आईकडून व एक बापाकडून. दोहोंपैकीं एक चांगली असली तरी काम भागतें. अशा माणसाचा गट नेहमींसारखा दिसतो, पण तो सदोष प्रत पुढें देऊं शकतो. आईबाप दोघेहि असे वाहक असतील, तर प्रत्येक अपत्य ‘बॉम्बे’ गटाचें होण्याचा संभव चारांत एक. दहा हजारांत एक हें प्रमाण धरलें, तर हिशेबानें पन्नासांत एक माणूस वाहक ठरतो. परक्यांत लग्न झालें तर दोन वाहक एकत्र येण्याचा योग क्वचित्. परंतु मराठवाड्यांत मामाच्या मुलीशीं लग्न करण्याची चाल अनेक समाजांत आहे, आणि मामाची मुलगी व आतेभाऊ यांचे आजीआजोबा एकच असल्यानें एकाच पूर्वजाची सदोष प्रत दोहोंकडे उतरूं शकते. गणित केलें तर अशा जोडप्यांच्या संततींत या गटाचा संभव सुमारें सातपट होतो. म्हणजे दहा हजारांत एक याऐवजीं चौदाशांत एक. तरीहि तो लहानच आहे. नात्यांतील लग्न झालेल्यांनीं घाबरून जाण्याचें कारण नाहीं, तपासणी करून घेण्याचें मात्र आहे.

या लपंडावाचा आणखी एक सामाजिक परिणाम होतो. ‘बॉम्बे’ गटाच्या माणसाजवळ ‘ए’ किंवा ‘बी’ चा जनुक असूं शकतो. बैठक नसल्यानें तो दिसत नाहीं, इतकेंच. १९५५ सालीं अमेरिकेंत फिलिप लेव्हाइन व त्यांचे सहकारी यांनीं अशा एका कुटुंबाचा अभ्यास करून आईच्या रक्तांत दडलेला ‘बी’ पुढच्या पिढींत प्रकट होतो हें दाखविलें. आतां कल्पना करावी, कीं कांचपट्टीवर नवराबायको दोघेंहि ‘ओ’ ठरलीं आणि मूल ‘बी’ निघालें. दोन ‘ओ’ आईबापांस ‘बी’ मूल होत नाहीं, असें क्रमिक पुस्तक सांगतें. आणि अर्धवट ज्ञानावर विसंबून घरांत संशयाचें विष कालविलें जाऊं शकतें. अशा वेळीं आईबापांच्या रक्तरसाची परीक्षा झाली, तर एखाद्या निर्दोष स्त्रीवरील किटाळ ती एक परीक्षा दूर करूं शकते.

आतां प्रत्यक्ष संकटाचा प्रसंग डोळ्यांपुढें आणावा. तालुक्याच्या गांवाहून रात्रीं एक बाळंतीण परभणीस आणली आहे. रक्तस्राव थांबत नाहीं. कांचपट्टीवर गट ‘ओ’ आला. ‘ओ’ गटाचे नातेवाईक व गांवचे तरुण रक्त देण्यास रांगेनें उभे आहेत. घाईची वेळ; ‘ओ’ ला ‘ओ’ दिलें तर काय बिघडतें, असें कोणासहि वाटेल. या क्षणीं तिचें रक्षण करणाऱ्या दोन गोष्टी असतात. एक, वर सांगितलेला ताळा, आणि त्यांत ‘ए’, ‘बी’ बरोबर ‘ओ’ पेशींचीहि नळी लावलेली असणें. ती लावली नाहीं, तर नेमकी हीच चूक नजरेंतून सुटते. दुसरी, रोग्याचा रस आणि दात्याच्या पेशी यांची प्रत्यक्ष जुळणी, जिला क्रॉसमॅच म्हणतात. ‘बॉम्बे’ गटाच्या स्त्रीचा रस रांगेंतील एकूणएक ‘ओ’ दात्यांच्या पेशींचे पुंजके करील. दहा दाते आले आणि दहाहि जुळले नाहींत, तर नळ्या घाण असतील, रसायन शिळें असेल असें म्हणून तो निकाल झटकून टाकावयाचा नसतो. त्या दहा नळ्यांत रक्तरस एकच गोष्ट दहा वेळां सांगत असतो.

कांहीं प्रतिद्रव्यें दोन हातांचीं असल्यानें पेशींवर बसतात, पण त्यांचे पुंजके करीत नाहींत. त्यांस पकडण्याची युक्ति १९४५ सालीं केंब्रिजचे रॉबिन कूम्ब्स यांनीं आर्थर मोरँट व वर उल्लेखिलेले रेस यांच्यासह काढली. माणसाचें ग्लोब्युलिन सशास टोंचलें, म्हणजे सशाच्या रक्तरसांत माणसाच्या प्रतिद्रव्यांविरुद्ध प्रतिद्रव्यें तयार होतात. तीं घातलीं कीं मुक्यानें बसलेलीं प्रतिद्रव्यें एकमेकांस जोडलीं जाऊन पुंजके दिसूं लागतात. एका प्राण्याच्या रक्तरसांतील प्रथिनानें दुसऱ्याच्या रक्तरसांतील प्रथिनाचा माग काढावा, अशी ही योजना आहे.

या परीक्षांच्या साहित्यांत एक ओळखीची वस्तु आढळते. मराठवाड्यांत ज्यास हुलगा व कोंकणांत कुळीथ म्हणतात, त्या धान्याच्या अर्कांत ‘ए’ गटाच्या पेशींस, विशेषतः त्यांतील ‘ए-वन’ या उपप्रकारास, चिकटविणारें प्रथिन असतें. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयांत काम केलेले डॉ. जी. डब्ल्यू. जी. बर्ड यांनीं १९५१ सालीं हें प्रसिद्ध केलें, आणि तो अर्क जगांतील रक्तपेढ्यांतून वापरांत आला. ज्या हुलग्याचें माडगें घरोघरीं होतें, तो असा प्रयोगशाळेंतहि मानाचा ठरला. ‘एच्’ ओळखण्यास मात्र पिवळ्या फुलांच्या एका काटेरी युरोपीय झुडपाचें बीं उपयोगी पडतें. परदेशांतून आलेलें तें झुडूप आज निलगिरीच्या डोंगरांत रानोमाळ माजलें आहे. त्या बियांच्या अर्कानें ‘ओ’ पेशींचे पुंजके होतात, ‘बॉम्बे’ पेशींचे होत नाहींत. आणि निदान पक्कें होतें. पूर्वीं ‘ए’ व ‘बी’ चीं प्रतिद्रव्यें माणसांच्याच सीरममधून मिळवीत. १९७५ सालीं कोहलर व मिल्स्टाइन यांनीं एकाच जातीचें शुद्ध प्रतिद्रव्य पेशींच्या लागवडींतून हवें तितकें तयार करण्याची रीत काढली, आणि आजच्या निळ्या-पिवळ्या रसायनांच्या बाटल्या त्या रीतीनें भरलेल्या असतात.

निदान झालें तरी जुळणारें रक्त आणावयाचें कोठून? परळ येथें के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारांत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची रक्तशास्त्राची राष्ट्रीय संस्था आहे. तिचा आरंभ १९५७ सालीं रक्तगटांचें केंद्र म्हणून झाला. दुर्मिळ गटांचा छडा लावणें व अशा दात्यांची नोंद ठेवणें हें तिच्या कामांपैकीं एक. पण परभणीहून मुंबई आगगाडीनें साडेपांचशें किलोमीटरांच्या घरांत, म्हणजे एका रात्रीचा प्रवास. सामान्य रीतीनें थंड ठेवलेल्या तांबड्या पेशी पांच-सहा आठवडे टिकतात, म्हणून दुर्मिळ रक्ताचा सांठा जागोजाग करून ठेवतां येत नाहीं. ग्लिसरीन मिसळून अतिशीत पेट्यांत त्या अनेक वर्षें राखतां येतात. परंतु ही सोय थोड्याच ठिकाणीं असते. यामुळें खरा सांठा म्हणजे जिवंत माणसें. ज्याचा गट आधीं माहीत आहे, ज्याचा पत्ता नोंदलेला आहे आणि जो बोलावल्यास येतो, असा दाताच उपयोगी पडतो.

म्हणून घरोघरीं लक्षांत ठेवण्यासारख्या गोष्टी थोड्या आहेत. शिबिरांत मिळालेली ‘ओ’ ची चिठ्ठी हा अखेरचा निकाल समजूं नये. विशेषतः गरोदर स्त्रीचा व शस्त्रक्रिया ठरलेल्या रोग्याचा गट दोन्ही रीतींनीं, ‘ओ’ पेशींची नळी लावून, आधींच तपासून घ्यावा. कुटुंबांत कोणी ‘बॉम्बे’ गटाचा निघाला, तर त्याच्या सख्ख्या भावाबहिणींची परीक्षा सर्वांत प्रथम करावी. कारण जुळणारें रक्त सांपडण्याचा सर्वांत अधिक संभव तेथेंच, चारांत एक, असतो. अर्थात् सख्ख्या नात्यांतील रक्त देण्यापूर्वीं त्यावर किरणांची प्रक्रिया करणें व क्रॉसमॅच करणें आवश्यक असतें, आणि तें रक्तपेढीच ठरविते. शस्त्रक्रियेची तारीख ठरलेली असेल व प्रकृति चांगली असेल, तर रोग्याचें स्वतःचें रक्त आधीं काढून ठेवून त्यासच परत देतां येतें. बाळंतपणापूर्वीं पंडुरोग बरा करून घेणें, हा तर सर्वांत स्वस्त उपाय. अंगांत रक्त पुरेसें असेल तर दुसऱ्याचें मागण्याची वेळ बहुधा येत नाहीं. आणि ज्यास आपला गट ‘बॉम्बे’ असल्याचें कळलें आहे, त्यानें तो लपवूं नये. दात्यांच्या नोंदींत नांव घालावें आणि चिठ्ठी सदैव जवळ बाळगावी. त्याच्यासारखा दुसरा कोठेंतरी याच जिल्ह्यांत, कदाचित् शेजारच्या तालुक्यांत, असेल. त्या दोघांस एकमेकांचा पत्ता असणें, हाच दोघांचाहि विमा आहे.